पहिला ई-रीडर घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीतलं कुणी ई-रीडर घ्यायला निघालं की हटकून विचारतं, "कुठला घेऊ?" मी आधी एक काम सांगते. गेल्या महिन्याभरात मोबाइलवर, लॅपटॉपवर, कागदावर जे जे वाचलंत त्याची यादी करा. कादंबरी, कामाच्या पीडीएफ, स्कॅन केलेली जुनी पुस्तकं, कॉमिक्स, वेबवरचे लांबलचक लेख, सगळं लिहा. यादी समोर आली की निम्मी यंत्रं आपोआप बाद होतात. खालची उत्तरं तुमच्या हातात ती यादी आहे असं धरून लिहिली आहेत.

मोबाइल आहे, टॅबही आहे. मग वेगळा ई-रीडर कशाला?

दिवसाकाठी दहा-पंधरा मिनिटं बातम्या चाळण्यापुरतं वाचन असेल तर घेऊ नका. मोबाइल पुरतो. ई-रीडरचा उपयोग होतो तो सलग वाचणाऱ्याला. त्याचा पडदा भर उन्हातही कागदासारखा स्वच्छ दिसतो. सहा-सात इंची यंत्र साधारण दीडशे ते सव्वादोनशे ग्रॅमचं असतं, त्यामुळे आडवं पडून एका हातात धरलं तरी मनगट भरून येत नाही. आणि वाचता वाचता वरून निरोप टपकत नाहीत. मला हा शेवटचा फायदा सगळ्यांत मोलाचा वाटतो. मोबाइलवर अर्धवट सोडलेली तीन जाडजूड पुस्तकं मी ई-रीडरवर पूर्ण केली. पुस्तकं तीच होती, फक्त मध्ये लुडबुड करणारं काही नव्हतं.

ई-इंक म्हणजे नेमकं काय? साध्या स्क्रीनपेक्षा वेगळं काय असतं?

पडद्याच्या आत केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव, आणि त्यात पांढरे व काळे रंगकण. पांढऱ्यांवर एक विद्युतभार, काळ्यांवर त्याच्या उलट. खालून विद्युतदाब दिला की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्याचे तळाशी जातात. असं ठिपक्याठिपक्यानं पान उमटतं. कण एकदा जागेवर बसले की त्यांना तिथं टिकवायला वीज लागत नाही. बॅटरी इतके दिवस टिकते त्याचं कारण हेच. यंत्र पूर्ण बंद केलं तरी पडद्यावर चित्र राहतं तेही यामुळेच.

हे तंत्र ज्या ई इंक कंपनीनं बाजारात आणलं ती १९९७ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या कामातून उभी राहिली. या पडद्याचं वाचनयंत्र सोनीनं २००४ मध्ये जपानमध्ये विकायला काढलं. अॅमेझॉनचं किंडल आलं नोव्हेंबर २००७ मध्ये.

या तंत्राची किंमत वेगात मोजावी लागते. पान उलटताना क्षणभर पडदा लुकलुकतो, मागच्या पानाची पुसट सावली कधी कधी राहते, आणि मोबाइलसारखं सरसर खाली सरकवणं जमत नाही. दुकानात पहिल्यांदा हातात घेतलेल्याला हे खटकतं. चार दिवसांत त्याकडे लक्षही जात नाही.

डोळ्यांना खरंच कमी त्रास होतो का?

मोबाइल-टॅबच्या पडद्यातून उजेड थेट डोळ्यांत येतो. ई-इंकचा पडदा स्वतः प्रकाश देत नाही, त्यावर पडलेला प्रकाश परतवतो. अंधारात वाचण्यासाठी त्याच्या कडेला बारीक एलईडी बसवलेले असतात आणि एका पातळ पारदर्शक थरातून तो उजेड पानावर पसरवला जातो. २०१२ पासून अशी दिव्याची यंत्रं सर्रास मिळू लागली. आता दिव्याशिवायचा ई-रीडर घेण्यात अर्थ नाही. उजेडाचा रंग पिवळसर करता येत असेल तर उत्तम. रात्री वाचणाऱ्यांनी ही सोय मागून घ्यावी.

झोपेबद्दल नेहमी ज्या अभ्यासाचा हवाला दिला जातो तो डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. रात्री चमकत्या पडद्यावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप उशिरा लागली, असं त्यात दिसलं. पण त्यात माणसं होती फक्त १२, आणि यंत्र होतं टॅब, तेही पूर्ण उजेडावर. त्यावरून मंद, पिवळसर दिव्याच्या ई-इंकला दोषी धरता येत नाही. डोळे कोरडे पडत असतील, डोकं दुखत असेल तर मात्र ई-रीडर हा त्यावरचा इलाज समजू नका. आधी डोळे तपासून घ्या.

पडदा किती इंची घ्यावा?

याच प्रश्नावर बहुतेक जण चुकतात, म्हणून जरा थांबून सांगते.

सहा इंची (हे माप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं) पडदा म्हणजे रुंदी सुमारे ९ सेंटिमीटर, उंची १२. छोट्या पॉकेट बुकच्या पानाहून थोडं लहान. कथा-कादंबऱ्यांना हा आकार अगदी पुरतो, कारण तिथं अक्षर तुम्ही हवं तेवढं मोठं करता आणि ओळी आपोआप नव्यानं मांडल्या जातात. सात इंची पडद्यावर पानात चार-सहा ओळी जास्त मावतात. मोठं अक्षर लागणाऱ्याला हा फरक जाणवतो, नाहीतर दोन-दोन परिच्छेदांनी पान उलटावं लागतं.

पीडीएफचं तसं नाही. ए-४ पान २१ सेंटिमीटर रुंद असतं. ते ९ सेंटिमीटरमध्ये बसवलं की सगळं आकसून ४३ टक्क्यांवर येतं. मूळ १२ पॉइंटचं अक्षर ५ पॉइंटचं होतं. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर असतो ना, तसं. यंत्र आडवं धरलं तर रुंदी १२ सेंटिमीटर मिळते आणि अक्षर ७ पॉइंटपर्यंत जातं, म्हणजे डोळे ताणून वाचता येतं, पण एक पान दोन-तीन तुकड्यांत.

माझा पहिला ई-रीडर सहा इंची होता आणि माझं निम्मं वाचन पीडीएफचं होतं. सुरुवातीचे दोन महिने मी प्रत्येक पान चिमटीनं मोठं करून, डावीकडून उजवीकडे ढकलत वाचलं. ओळ संपली की पुन्हा डावीकडे. दर वेळी पडदा लुकलुकायचा. शेवटी त्या पीडीएफ मी लॅपटॉपवर परत नेल्या आणि ई-रीडरवर फक्त कादंबऱ्या ठेवल्या. मग तेच यंत्र मला मनापासून आवडलं.

पैसे घालण्याआधी घरी करता येण्यासारखी एक चाचणी आहे. जाड पुठ्ठ्यात ९ बाय १२ सेंटिमीटरची खिडकी कापा. तुमच्या नेहमीच्या पीडीएफचं एक पान त्या खिडकीच्या रुंदीत बसेल असं लहान करून छापा आणि खिडकी त्यावर ठेवून वाचा. दोन पानं सलग वाचता आली तर सहा इंच चालेल. नाही आली तर १०.३ इंची यंत्र बघा, ते जवळपास ए-५ वहीच्या पानाएवढं असतं. ए-४ जवळपास मूळ आकारात हवं असेल तर १३.३ इंची यंत्रंही मिळतात. ती महाग, आणि अंथरुणात धरायला अवघड.

पीडीएफच्या ओळी नव्यानं मांडता येत नाहीत का?

येतात, पण भरवसा नाही. पीडीएफमध्ये प्रत्येक अक्षराची पानावरची जागा ठरलेली असते. परिच्छेद कुठं सुरू झाला आणि कुठं संपला याची खूण त्यात असेलच असं नाही. साधा एका रकान्याचा मजकूर असेल तर ओळी बऱ्यापैकी नव्यानं लागतात. दोन रकाने, तळटीपा, तक्ते, गणिती सूत्रं आली की खिचडी होते. पॉकेटबुक या कंपनीच्या ई-रीडरमध्ये ही सोय आतच असते. कोबो (हीसुद्धा ई-रीडरची कंपनी) आणि पॉकेटबुकवर केओरीडर नावाचा मोफत, मुक्त-स्रोत प्रोग्रॅम चढवता येतो. तो पानाच्या कोऱ्या कडा कापतो, रकाना रकाना धरून पुढं सरकतो, आणि स्कॅन केलेल्या पानावरचे शब्दसुद्धा तुकडे करून नव्या ओळींत लावतो. नुसत्या कडा कापल्यानेही अक्षर बरंच मोठं दिसतं. स्कॅन केलेली जुनी पुस्तकं वाचणाऱ्यांनी हा प्रोग्रॅम जरूर वापरून पाहावा.

ईपब, मोबी, एझेडडब्ल्यू, केएफएक्स... यातलं मला किती कळायला हवं?

एकच नाव लक्षात ठेवा: ईपब. हे खुलं स्वरूप आहे. ईपबच्या फायलीत वेबपानांसारखी पानं, चित्रं आणि मांडणीच्या सूचना असं सगळं एका झिप गाठोड्यात बांधलेलं असतं. जवळजवळ सगळी यंत्रं ते वाचतात. मोबी हे मोबीपॉकेट या कंपनीचं जुनं स्वरूप. अॅमेझॉननं २००५ मध्ये ती कंपनी विकत घेतली आणि किंडलची स्वरूपं त्यातून पुढं निघाली. आता मोबी मागे पडलं आहे. कुठं ईपब आणि मोबी दोन्ही मिळत असतील तर ईपब उतरवून ठेवा.

किंडलवर ईपब टाकायची रीत थोडी वेगळी आहे. केबल लावून नुसती फाइल टाकली तर ती उघडत नाही. ‘सेंड टू किंडल’ या सेवेतून पाठवावी लागते. २०२२ पासून ती ईपब घेते आणि किंडलला चालेल असं करून यंत्रावर पोचवते. वेबपानावरून २०० एमबीपर्यंतची फाइल जाते, मेलनं ५० एमबीपर्यंत.

आणि यंत्र कुठलंही घ्या, संगणकावर कॅलिबर बसवून ठेवा. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेला हा मोफत प्रोग्रॅम पुस्तकांची कपाटं लावतो, स्वरूप बदलून देतो, मुखपृष्ठ आणि लेखकाचं नाव दुरुस्त करू देतो, फाइल यंत्रावर पाठवतो. पहिल्यांदा उघडल्यावर बटणांची गर्दी बघून दडपण येतं. त्यातली पुस्तक जोडा, बदला आणि यंत्रावर पाठवा एवढी तीनच सुरुवातीला लागतात.

मग किंडल, कोबो, पॉकेटबुक की अँड्रॉइडवालं?

तुमची पुस्तकं कुठून येतात ते बघा.

पुस्तकं बहुतेक अॅमेझॉनवरून घेत असाल, किंवा आधीच तिथं साठा असेल, तर किंडल. दुकान आणि यंत्र एकाच घरचं असल्यामुळे कटकट सगळ्यांत कमी. घरातल्या वडीलधाऱ्यांना भेट द्यायचा असेल तर मी डोळे झाकून हेच सुचवते, कारण नंतर फोनवरून समजावून सांगायला सोपं जातं.

ईपब वेगवेगळ्या ठिकाणांहून येत असतील, किंवा तुमचं वाचनालय ओव्हरड्राइव्हच्या सेवेतून ई-पुस्तकं देत असेल, तर कोबो. ज्या देशांत ती सेवा चालू आहे तिथं उसनी पुस्तकं थेट यंत्रावरूनच घेता येतात. मात्र त्या देशांच्या यादीत आपला आहे का आणि आपलं वाचनालय त्यात आहे का, हे आधी बघा. केवळ याच सोयीसाठी यंत्र घेतलेल्या आणि नंतर हिरमुसलेल्या वाचकांना मी भेटले आहे.

पॉकेटबुक कुठल्याही एका दुकानाशी फारसं बांधलेलं नाही आणि कितीतरी स्वरूपं न बदलता वाचतं. ज्याचा फायलींचा संग्रह स्वतःचा आहे आणि तो नीट सांभाळून ठेवला आहे, त्याला हे मानवतं.

बूक्ससारख्या अँड्रॉइड ई-रीडरवर तुम्ही निरनिराळी वाचनाची अॅप बसवू शकता. चार दुकानांतली पुस्तकं एका यंत्रावर हवी असतील तर दुसरा सोपा मार्ग नाही. पण ती अॅप मोबाइलसाठी बनलेली असतात. सरकणारी पानं, फिकट करडी अक्षरं, सतत हलणारं काहीतरी, हे ई-इंकवर वाईट दिसतं आणि प्रत्येक अॅपसाठी सेटिंग बसवत राहावं लागतं. बॅटरीही लवकर उतरते. पहिलाच ई-रीडर असेल आणि यंत्राशी खटपट करण्याची हौस नसेल तर याच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

विकत घेतलेलं ई-पुस्तक माझ्या मालकीचं होतं का?

बहुतेक मोठ्या दुकानांत होत नाही. तुम्ही पैसे देता ते वाचण्याच्या परवानगीचे. फायलीवर डीआरएमचं कुलूप असतं आणि त्याची किल्ली तुमच्या खात्याशी जोडलेली असते. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा वाचकांना पैसे परत मिळाले, पण पुस्तकं उघडायची थांबली. किंडलची विकत घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून केबलनं यंत्रावर टाकायची सोय अॅमेझॉननं २६ फेब्रुवारी २०२५ पासून काढून टाकली.

याचा अर्थ तिथून पुस्तकं घेऊ नयेत असा नाही. मीही घेते. पण जे पुस्तक आयुष्यभर जवळ ठेवायचं आहे ते शक्यतो कुलूप नसलेल्या ईपबमध्ये किंवा छापील घ्यावं. काही प्रकाशक आणि लेखक असं ईपब थेट विकतात. प्रताधिकार संपलेल्या पुस्तकांसाठी १९७१ पासून चालत आलेला प्रोजेक्ट गुटेनबर्ग आहे, इंटरनेट आर्काइव्ह आहे, विकिस्रोत आहे. मराठी विकिस्रोतावरची पुस्तकं ईपब करून उतरवता येतात.

मराठी अक्षर नीट दिसतं का?

ई-रीडर विकणाऱ्या पानांवर याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

किंडलच्या दुकानात डिसेंबर २०१६ पासून मराठी पुस्तकं आहेत आणि तिथून घेतलेलं मराठी पुस्तक यंत्रावर सहसा व्यवस्थित दिसतं. अडचण येते ती बाहेरून टाकलेल्या फायलींची. देवनागरीत पहिली वेलांटी अक्षरामागून उच्चारली जाते पण आधी लिहिली जाते, जोडाक्षरं एकात एक मिसळतात, रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. हे सगळं यंत्रातल्या वाचनप्रणालीला जमावं लागतं. एकाच यंत्रावर, एकाच फायलीत, नुसता फॉन्ट बदलल्यावर मोडकं पान नीट झालेलं मी पाहिलं आहे.

तपासायचं कसं? मी एका ओळीची फाइल बनवून ठेवली आहे: ‘दुसऱ्या तऱ्हेची श्रद्धा, वाऱ्यावरचं ज्ञान, ऱ्हस्व, कर्तृत्व, शक्ती, विठ्ठल, ॲप’. ‘दुसऱ्या’मधला तुटलेला र खास मराठीचा आहे आणि पहिला दगा तोच देतो. कधी तो रफार होऊन या-वर जाऊन बसतो, कधी र आणि पाय मोडलेलं चिन्ह वेगवेगळं दिसतं. ‘कर्तृत्व’मध्ये रफार आणि ऋकार दोन्ही एकाच अक्षराला लागतात. ‘विठ्ठल’मध्ये ठ खाली ठ बसला नाही तरी मधला पाय मोडलेला दिसून शब्द वाचता येतो, तेवढं मी चालवून घेते. ॲ नवा आहे, जुन्या फॉन्टात त्याच्या जागी रिकामा चौकोन येतो. ही ओळ ईपबमध्ये टाकून दुकानातल्या किंवा मित्राच्या यंत्रावर उघडून बघा.

किंडल आणि कोबो दोन्हीवर ‘fonts’ नावाचा एक फोल्डर असतो किंवा करता येतो, त्यात आपला देवनागरी फॉन्ट टाकता येतो. कॅलिबरमधून फॉन्ट थेट पुस्तकातच बसवण्याचीही सोय आहे. आणखी एक बारकावा: ल आणि श यांचं मराठी वळण हिंदीपेक्षा वेगळं. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, पण पुस्तकाच्या माहितीत भाषा ‘मराठी’ अशी नोंदलेली असेल तरच मराठी वळण पुढं येतं. कॅलिबरमध्ये ती नोंद दुरुस्त करायला अर्धं मिनिट लागतं.

जुन्या मराठी पीडीएफचं दुखणं निराळं. युनिकोड ही अक्षरं साठवायची सगळीकडे चालणारी पद्धत रुळण्याआधी जे फॉन्ट वापरात होते त्यांत पडद्यावर दिसायला मराठी असे, पण आत साठवलेली असत रोमन अक्षरं आणि चिन्हं. अशा पीडीएफचं ईपब केलं की पानभर निरर्थक अक्षरं मिळतात. शब्द शोधता येत नाही, शब्दकोशही चालत नाही. अशी पुस्तकं पीडीएफ म्हणूनच वाचावी लागतात, आणि मग प्रश्न पुन्हा पडद्याच्या आकारावर येतो.

रंगीत पडदा घ्यावा का?

यादीत कॉमिक्स, मुलांची चित्रपुस्तकं किंवा नकाशे-आलेख असलेली पाठ्यपुस्तकं बरीच असतील तर विचार करा. आजच्या बहुतेक रंगीत ई-रीडरमध्ये काळ्या-पांढऱ्या पडद्यावर रंगांची एक गाळणी चढवलेली असते. त्यातल्या कॅलिडो ३ पडद्यावर काळा मजकूर ३०० पीपीआयनं (म्हणजे इंचामागे ३०० ठिपके) दिसतो, रंग मात्र १५० नं, आणि रंगछटा ४,०९६. वर्तमानपत्राच्या रंगीत पुरवणीसारखे मवाळ रंग दिसतात. त्या गाळणीमुळे कोरा भागही थोडा काळवंडतो, म्हणून दिवा जास्त वेळ लावावा लागतो. नुसता मजकूर वाचणाऱ्याला साधा काळा-पांढरा पडदाच जास्त उठावदार दिसेल. मी माझ्यासाठी काळा-पांढराच ठेवला आहे.

पीपीआय किती हवा?

३००. त्याहून कमी असलेलं यंत्र आता घेऊ नका, देवनागरीसाठी तर नकोच. १६७ पीपीआयच्या जुन्या पडद्यावर अनुस्वार आणि ऋकार पुसट होतात.

पेननं लिहिता येणारा ई-रीडर घेऊ का?

पीडीएफवर खुणा करणं, समासात लिहिणं हे तुमचं रोजचं काम असेल तर दहा इंची, पेनवालं यंत्र घ्या. संशोधन करणारे, पेपर तपासणारे, भाषांतर करणारे यांना ते सोन्यासारखं वाटतं. ‘घेतल्यावर लिहायची सवय लागेल’ म्हणून मात्र घेऊ नका. ते मोठं असतं, महाग असतं, आणि झोपताना धरून वाचायला जड पडतं. दोन गोष्टी आधी पाहा: लिहिलेलं पीडीएफ म्हणून बाहेर काढता येतं का, आणि हस्ताक्षराचा मजकूर करून देतो असा दावा असेल तर त्या भाषांच्या यादीत मराठी आहे का.

वेबवरचे लेख ई-रीडरवर कसे आणू?

कोबोवर अनेक वर्षं पॉकेट ही लेख नंतर वाचायला साठवून ठेवणारी सेवा होती. ती ८ जुलै २०२५ रोजी बंद झाली आणि कोबोनं तिच्या जागी इन्स्टापेपर आणलं. किंडलसाठी ब्राउझरमधून लेख पाठवायचं बटण मिळतं. कॅलिबर ठरावीक वेळी ठरावीक संकेतस्थळांवरचे लेख गोळा करून त्यांचं एक पुस्तक बांधून देतं. रविवारी सकाळी आठवड्याभराचे लेख असे एकत्र वाचायला मला फार आवडतं.

बॅटरी खरंच कित्येक आठवडे चालते?

जाहिरातीतला आठवडा दिवसाला अर्धा तास वाचन, वायफाय बंद आणि दिवा मंद असं धरून मोजलेला असतो. १० आठवडे म्हणजे प्रत्यक्षात ३५ तासांचं वाचन. रोज दोन तास वाचणाऱ्याला अडीच आठवडे. तेही उत्तमच आहे, पण गणित माहीत असलेलं बरं.

किती जीबी लागतील?

नुसत्या मजकुराचं पुस्तक एक-दोन एमबीचं असतं. १६ जीबीत हजारो बसतील. कॉमिक्स, स्कॅन केलेल्या पीडीएफ किंवा ऑडिओबुक असतील तर ३२ घ्या.

पाण्यापासून बचाव, बटणं, ऑडिओ यांना किती महत्त्व द्यावं?

आयपीएक्स-८ दर्जा म्हणजे किंडलच्या बाबतीत दोन मीटर खोल गोड्या पाण्यात तासभर. समुद्राचं किंवा साबणाचं पाणी त्यात धरलेलं नाही. पान उलटायची बटणं मात्र एका हातानं वाचणाऱ्याला फार उपयोगी पडतात. बोटांना कंप असलेल्या, सांधे दुखणाऱ्या माणसासाठी यंत्र घेत असाल तर बटणंवालंच घ्या, कारण पडद्यावर नकळत बोट लागलं की पान भलतीकडे जातं आणि वाचणारा वैतागतो. ऑडिओबुक ऐकायला ब्लूटूथचे इयरफोन लागतात. बहुतेक ई-रीडरना स्पीकर नसतो.

पडदा लवकर फुटतो असं ऐकलं, खरं का?

खरं आहे. वरून प्लॅस्टिकसारखा वाटणारा हा पडदा बहुतेक यंत्रांत एका अतिशय पातळ काचेवर बसवलेला असतो. माझा दुसरा ई-रीडर असाच गेला. खाली पडला नाही, आपटला नाही. भरलेल्या बॅगेत तो होता आणि चार्जरची पिन त्याच्या मध्यावर टेकून राहिली होती. बाहेर काढला तेव्हा वरचं अर्धं पान जिथल्या तिथं गोठलेलं आणि त्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा. वरच्या पृष्ठभागाला ओरखडाही नव्हता. दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या जवळ जाणारा निघाला.

म्हणून समोरून झाकणारं, कडक पुठ्ठ्याचं कव्हर पहिल्या दिवसापासून घ्या. मऊ पिशवी या कामाची नाही, कारण धोका आपटण्यापेक्षा एका जागी पडणाऱ्या दाबाचा असतो. दुरुस्तीची शक्यता ज्यांना महत्त्वाची वाटते त्यांनी कोबोची २०२४ पासूनची मॉडेलं पाहावीत. त्यांतल्या काहींसाठी आयफिक्सिट या कंपनीकडे सुटे भाग आणि उघडायच्या सूचना मिळतात.

कुणी वापरलेला ई-रीडर स्वस्तात देतंय. घेऊ का?

घ्या, पण समोर बसून तपासून. जुन्या मालकाच्या खात्यातून यंत्र सोडवलेलं आहे ना, ते त्याच्यासमोरच तुमच्या खात्यात नोंदवून बघा. दिवा पूर्ण लावून अंधाऱ्या खोलीत डाग, सावल्या पाहा. वीस-पंचवीस पानं भराभर उलटा. वायफाय जोडून दुकान उघडतं का ते बघा, कारण फार जुन्या यंत्रांना आजच्या सुरक्षित जोडण्या जमत नाहीत. बॅटरी किती टिकते ते मात्र दोन दिवस वापरल्याशिवाय कळत नाही, म्हणून तेवढी मुदत मागून घ्या.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी काय करू?

चार्ज करा, नोंदणी करा, प्रणाली अद्ययावत करून घ्या. मग तुमच्या यादीतलं सध्या चालू असलेलं एकच पुस्तक त्यावर टाका. पाचशे पुस्तकं एकदम टाकली की पहिले चार तास यंत्र त्यांची सूची करत बसतं, हळू चालतं, बॅटरी खातं, आणि नवा मालक म्हणतो यंत्रच खराब निघालं. त्या एका पुस्तकावर अक्षराचा आकार, ओळींमधलं अंतर आणि समास बसवा. मराठीसाठी ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा एक पायरी जास्त ठेवा, म्हणजे वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांना भिडत नाहीत. पहिली तीस-चाळीस पानं वाचून झाल्यावर पुन्हा एकदा हे सगळं थोडं मागंपुढं करून बघा आणि मग पुढचं पुस्तक टाका.